बाबांच्या हातात आलेलं हँडल

मी घेतलेल्या मोटारीला चार दारं होती आणि चारही उघडत होती, असं मी अजूनही सांगतो. त्यातलं एक फक्त बाहेरून उघडत होतं, हे कुणी खोदून विचारल्याशिवाय सांगत नाही.

देशाला स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. गोंदियात माझी धानाची दलाली होती. दोन-चार राइस मिलचे मालक माझ्या नमस्काराला मान हलवत, आणि तेवढ्यावर मी स्वतःला बडा व्यापारी समजू लागलो होतो. बड्या व्यापाऱ्याने सायकलवरून हिंडणं बरं दिसत नव्हतं. म्हणजे मला दिसत नव्हतं; बाकी कुणाचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. त्याच सुमाराला एका जंगल-ठेकेदाराने नवी गाडी घेतली आणि जुनी विकायला काढली. लढाईच्या आधीची, काळी, विलायती मोटार. मला चालवता येत नव्हती, तरी मी ती घेतली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते माझ्यासारख्याला बघूनच म्हणत असावेत. मोटारीबरोबर ठेकेदाराचा ड्रायव्हरही माझ्याकडे आला. तो छत्तीसगडकडचा, हिंदी बोलणारा. मोटारीची सगळी दुखणी त्याला पाठ होती. माझी त्याला पहिल्याच आठवड्यात कळली.

मोटार घेण्याचं खरं सुख ती गावात नेण्यात होतं. माझं गाव आमगावपासून दोन कोसांवर. तिथे बाबा धानाची शेती करत. आई आणि धाकटी बहीण त्यांच्याजवळ असत. गोंदियातल्या लोकांनी मोटारी पुष्कळ पाहिल्या होत्या, गावातल्या लोकांनी मला पुष्कळ पाहिलं होतं. मला दोन्ही एकत्र दाखवायचं होतं.

ड्रायव्हरने मोटार मारुतीच्या देवळापुढे उभी केली. लोक जमले. मी पुढे, त्याच्या डाव्या हाताला, नवा कोट घालून बसलो होतो. दार उघडायचं, एक पाय पायदानावर ठेवायचा, जरा थांबायचं, चहूकडे पाहायचं आणि मग उतरायचं, असं सगळं मी वाटेतच मनाशी बसवून ठेवलं होतं. मी दाराचं आतलं हँडल धरलं आणि वर ओढलं. दार उघडेना.

"नीचे, मालिक," ड्रायव्हर हळूच म्हणाला. "नीचे दबाइए."

अख्ख्या गावासमोर माझाच नोकर मला माझ्याच मोटारीचं दार उघडायला शिकवतो, हे मला सहन झालं नाही. मी आणखी जोराने वर ओढलं. कट्कन आवाज झाला. दारातून एक लोखंडी चौकोनी दांडी बाहेर आलेली असते आणि तिच्यावर हँडलचं भोक बसवलेलं असतं. हँडल नेमकं त्या भोकाशीच चिरलं. आता हँडल वर-खाली हवं तसं फिरत होतं आणि दार जागचं हलत नव्हतं. शेवटी मी काच खाली केली, हात खिडकीबाहेर काढून बाहेरचं हँडल फिरवलं आणि तसाच वाकडातिकडा होत उतरलो. नव्या कोटाची बाही काळी झाली.

कुणी हसलं नाही, हेच वाईट झालं. एका म्हाताऱ्याने मोठ्या आदराने विचारलं, "मोटरवाले असेच उतरतेत का जी?" मी "हो" म्हणालो. बाबा गर्दीच्या मागे उभे होते. त्यांनी मोटारीभोवती एक फेरी मारली, बैलाच्या पाठीवर थापटावं तसं चाकाला थापटलं आणि शेताकडे निघून गेले.

बाबांच्या हाताबद्दल इथे सांगायला हवं. आमच्या पंचक्रोशीत त्यांचा हात हलका म्हणून नावाजलेला होता. बैलाच्या खुरात काटा रुतला, गाय अडली, वासराच्या डोळ्यात काही गेलं, की लोक बाबांना बोलावून नेत. बुजरं जनावरही त्यांच्या हाताखाली उभं राहायचं. ते काही वैद्य नव्हते, त्याबद्दल कुणाकडून काही घेतही नसत. त्यांना हाताचा अभिमान होता आणि तो ते लपवत असत. अभिमान न लपवण्याचं काम घरात मी करत होतो.

गोंदियाला परतल्यावर मी हँडलच्या मागे लागलो. स्टेशनजवळच्या मिस्त्रीने ते उलटसुलट पाहिलं आणि "ये अब नहीं आता" म्हणून माझ्या हातावर ठेवलं. चिरलेल्या जागी लोखंडी कडं बसवून घ्या, एवढा एकच सल्ला त्याने दिला. पण कडं दिसलं असतं. बघणाऱ्याने विचारलं असतं. मी नागपूरला एका दुकानाला पत्र लिहिलं. उत्तर आलं, त्या बनावटीची मोटार आता कुणी चालवत नाही, म्हणून तिचं सामानही कुणी ठेवत नाही. हे पत्र मी ड्रायव्हरला वाचून दाखवायला नको होतं. तो दोन दिवस हसत होता.

मग मला लाख आठवली. आमच्या जंगलात पळसाच्या आणि कुसुमाच्या झाडांवर लाख होते. बांगडीवाले ती वापरतात, आणि विळ्याची मूठ ढिली झाली की शेतकरीही वापरतात. लहानपणी बाबांनी मला जवळ बसवून दाखवलं होतं. मुठीच्या भोकात लाखेचा चुरा भरायचा, विळ्याचं मागचं टोक तापवायचं आणि आत दाबून धरायचं. लाख वितळते, मग थंड होऊन घट्ट बसते. विळा आणि मोटार यांत असा फरक तो काय, असं मी स्वतःला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागलो.

शेगडीवर हँडल तापवलं, भोकात आणि चिरेत लाख भरली, हँडल दांडीवर दाबलं आणि थंड होईपर्यंत धरून बसलो. दोन बोटं भाजली. पण दुसऱ्या दिवशी हँडल खाली दाबलं तर दार अगदी शहाण्यासारखं उघडलं. बाहेरून काही दिसत नव्हतं. विलायतेतल्या कारागिराला जे सुचलं नसतं ते मला सुचलं, या आनंदात मी ड्रायव्हरला बोलावून दाखवलं.

"मालिक, लाख तो चूड़ी में लगती है," तो म्हणाला.

"पकडून ठेवते ना?"

"अभी ठंड है. ये मोटर धूप में तपेगी, तब देखिएगा."

तू मोटार चालव, मला अक्कल शिकवू नकोस, असं मी त्याला सांगितलं. हे मार्गशीर्षात. पौष आणि माघ लाखेने माझी लाज राखली. तरी मी सावध होतो. डाव्या बाजूला कुणी मोठा माणूस बसला असला की मोटार थांबताच मी उडी मारून वळसा घालायचो आणि बाहेरून दार उघडायचो. त्यामुळे माझा भलताच बोलबाला झाला. एवढी मोटार घेतली पण माणूस किती नम्र, असं एक मिलमालक माझ्या तोंडावर म्हणाले. ड्रायव्हरला तेव्हा खोकला आला. मी मान खाली घालून नम्रपणे हसलो, आणि पुढे पुढे तर मलाही वाटायला लागलं की मी मुळात नम्रच आहे. याच काळात एक कुंपण आणि दोन कोंबड्या कामी आणून मी मोटार चालवायला शिकलो.

चैत्रात बहिणीचं लग्न जमलं. मुलाकडचे देवरीच्या वाटेवरच्या एका गावातले, खाऊनपिऊन सुखी शेतकरी. मुलाचे वडील, म्हणजे आमचे होणारे व्याही, मनाने मोकळे आणि आवाजाने त्याहून मोकळे. साखरपुड्याला आम्ही त्यांच्याकडे जायचं ठरलं. तोवर बाबा माझ्या मोटारीत एकदाही बसले नव्हते. "मोटरीतून वावर दिसत नाई, नुसतं पराते," असं ते म्हणत; शेत असं पळताना पाहणं त्यांना पटत नव्हतं. पण पोरीच्या सासरी चांगलं दिसावं म्हणून त्या दिवशी ते कबूल झाले. बाकीची मंडळी बसने पुढे गेली. ड्रायव्हरला मी घरी ठेवलं. एक तर मोटार मी स्वतः हाकतो हे सोयऱ्यांना दिसायला हवं होतं. दुसरं म्हणजे त्याला लाखेचं माहीत होतं.

आमगावला साखर, नारळ आणि पान-सुपारी घ्यायला थांबलो. काम अर्ध्या घडीचं. पण दुकानदाराने मोटारीचं कौतुक केलं आणि माझा पाय तिथून निघेना. तास-दीड तास मोटार चैत्राच्या उन्हात तापत उभी राहिली. निघताना दाराच्या पत्र्याला हात लागला तर चटका बसला. तेवढ्यावर मला काही आठवायला हवं होतं. मला फक्त एवढंच आठवलं की कोट चुरगळता कामा नये.

आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाय धुवायला पाणी. सोयरा असेल तर घरचा कर्ता पुरुष स्वतः लोटा घेऊन सामोरा येतो, आणि पाहुण्याचे पाय धुऊन होईपर्यंत लोटा खाली ठेवत नाही. आम्ही पोचलो तेव्हा आमचे व्याही मोटारीच्या बाबांच्या बाजूच्या दाराशी तसे उभे राहिले, दोन्ही हातांत भरलेला लोटा धरून. मी नेहमीसारखी उडी मारून वळसा घालायला हवा होता. पण माझ्या बाजूला चार-पाच माणसं गोळा झाली. कुणी भोंगा वाजवून पाहिला, कुणी विचारलं, "किती पराते जी?" मी सांगत बसलो, आणि खरं होतं त्याच्या दुप्पट सांगत होतो. पलीकडे काही तरी झालं हे मला कळलं ते सगळे एकदम गप्प झाले म्हणून.

मी वळून पाहिलं. बाबा आत बसलेले, आणि हँडल त्यांच्या हातात. त्यांनी ते उलटं केलं, डोळ्यांजवळ नेलं, भोकात पाहिलं. बोटाला काही चिकटलं होतं ते धोतराला पुसलं.

व्याही खिडकीतून आत डोकावले आणि गरजले, "अजी व्याही, मोटरीची मूठ हाये ते, नांगराची नोहे!"

सगळं अंगण हसलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मोटार माझी होती. बाबांनीही माझ्याकडे पाहिलं. मी काही तरी बोलायलाच हवं होतं आणि मी बोललो.

"बाबाले मोटरीची सवय नाई ना जी," मी हसत हसत म्हणालो. "जोर जास्त झाला."

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. फार वेळ नसेल, पण मला तो अजून संपलेला वाटत नाही. मग त्यांनी हँडल बंडीच्या खिशात टाकलं आणि व्याह्यांना म्हणाले, "हो जी. शेतकऱ्याचा हात हाये. येच्यापुढं लोखंडबी टिकत नाई." पुन्हा हशा झाला. मी जाऊन बाहेरून दार उघडलं. बाबा उतरले, पाय धुतले, साखरपुडा रीतसर झाला, आणि परतीच्या वाटेवर ते आंब्याला धरलेल्या कैऱ्यांबद्दल बोलले.

त्यांच्या लक्षात आलं नसावं, असं मी ठरवून टाकलं. ज्या माणसाने मला लाख भरायला शिकवलं, त्याला लाख ओळखू येणार नाही, असं मी मनाला पटवलं. मन माझंच होतं, त्याला पटायला वेळ लागला नाही.

पण ती गोष्ट आमच्या आधी बाजारात पोचली. लोक बाबांना 'हँडलतोडे' म्हणू लागले. आमगावच्या बाजारात ते एक गोऱ्हा बघत होते, तर विकणारा म्हणाला, "शिंगाले हात नोका लावू जी, हातात येईन." बाबा हसले. अशा थट्टेला आमच्याकडे कुणी रागवत नाही. रागावला तर ती दुप्पट होते. पण एकदा शेजारच्या टोळीवर, म्हणजे वाडीवर, एका बैलाच्या खुरात काटा मोडला होता, बाबा चिमटा घेऊन खाली बसले, आणि कुणी तरी म्हणालं, "सांभारून जी, खूर निंगन." सगळे हसले. बाबांनी काटा काढला, चिमटा पुसला आणि चहा न घेता घरी आले. हे आईने मला सांगितलं. त्यानंतर बोलावणं आलं की ते कधी कधी पाय दुखतो म्हणत.

मोटारीत तर ते बसेचनात. "मायी मोटर बाहेर उभी हाये, चला ना," मी म्हणायचो. "नोको बापा. महाग चीज हाये. माया हातानं अखीन काही तुटन." आणि बैलबंडी जुंपून निघायचे. ते आईलाही हेच सांगत होते, आणि ओसरीवर जेवताना मी ते ऐकलं. जेवण मात्र मी थांबवलं नाही, हेही सांगतो.

लग्नाच्या आधी हँडल नीट करायला हवंच होतं. वऱ्हाडी येणार, मोटार लागणार. मिस्त्रीने सांगितलेलं लोखंडी कडं बसवावं म्हणून मी गावच्या लोहाराकडे गेलो. तुटलेलं हँडल बाबांजवळ होतं आणि ते मागायची माझी छाती नव्हती, म्हणून नवंच घडवून देतोस का, असं त्याला विचारलं. त्याने भाता थांबवला, भिंतीतल्या कोनाड्यात हात घातला आणि माझं हँडल काढून समोर ठेवलं. चिरेवर जाड कडं चढवलेलं, आरपार भोक पाडलेलं, आणि त्यात बसणारी खिळीसुद्धा वेगळी करून ठेवलेली.

"हे तुयापाशी कसं?"

"तुया बापानं साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिशी आनून देल्लं. म्हने, पोरानं लाख भरली होती, उनानं वितरली. पक्कं करून ठेव, पोरगं आलं का देजो. अन् मी देल्लं म्हून सांगू नोको म्हने."

"मंग कायले सांगून राहिला?"

"तू इचारला म्हून," लोहार म्हणाला आणि पुन्हा भाता ओढू लागला.

मी हँडल घेऊन मोटारीत जाऊन बसलो. ते दांडीवर चढवलं, खिळी ठोकली. दार उघडलं, लावलं, उघडलं, लावलं. इतकं सोपं काम होतं. मला रडू आलं. रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांनी खिडकीतून आत पाहिलं, तेव्हा मी डोळ्यात धूळ गेल्याचं दाखवलं.

आता सांगायचं, असं मी ठरवलं. पण लग्न तोंडावर आलं होतं. मुलीचा भाऊ भर साखरपुड्यात खोटं बोलला, असं कळलं तर सोयरे काय म्हणतील? लग्न होऊ दे, मग सांगू. कारण चांगलं होतं. मला नेहमी चांगलीच कारणं सुचतात. लग्नात मुलाकडच्या बायकांनी बाबांवर गाणी म्हटली, जशी मुलीच्या बापावर म्हणतात. नवरीच्या बापाच्या हाती झारी देऊ नका, तोटी तोडून टाकील; नवरीच्या बापाच्या हाती पोरगी देऊ नका, हात उपटून टाकील. मी वरणाची बादली घेऊन पंगतीत वाढत होतो. माझं तोंड उघडलं, पण त्यातून "वरण, वरण" एवढंच निघालं.

लग्नानंतर पंधरा-वीस दिवसांनी बहिणीला पहिल्यांदा माहेरी आणायचं होतं. पोरीला मोटारीतून आणावं, अशी आईची हौस. त्यासाठी बाबा मोटारीत बसले, पण वाटभर हात मांडीवर ठेवून. पोचल्यावर मी पळत जाऊन दार उघडलं. व्याही लोटा घेऊन उभेच होते. "आज काही तोडलं नाई ना जी?" त्यांनी विचारलं.

दुपारी पंगत बसली. दहा-बारा म्हातारी माणसं, आमरस, वडे. व्याह्यांनी वाढणाऱ्याला हाक दिली, "व्याह्याले लोखंडाची वाटी दे रे! कांशाची टिकाची नाई!" लोक जेवता जेवता हसले. बाबाही हसले. आणि मी पानावरून उठून उभा राहिलो.

"ते हँडल बाबानं नाई तोडलं," मी म्हणालो. "ते मी तोडलं होतं. मोटर आनली त्याच दिशी. मंग लाख भरून लपवलं. त्या दिशी मीच लबाड बोललो."

सगळे थांबले. कुणाचा तरी घास हातातच राहिला. मला वाटलं, आता जे होईल ते होईल. हलकं वाटत होतं. उभं राहून खरं बोलणारा माणूस कसा दिसत असेल, याचाही थोडा विचार माझ्या मनात आला, हे कबूल करतो.

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले.

"पाहा जी," ते पंगतीला म्हणाले, "पोरगं असं पायजे! बापाले लोक हासतेत म्हून दोष आपल्या डोस्क्यावर घेऊन राहिला!"

"नाई जी, खरंच सांगून राहिलो!"

"अजी, मोटरीले कोनी लाख भरते का? सांगाले तरी याले पायजे ना!" एक म्हातारा कौतुकाने म्हणाला.

मी शपथ घेतली. शपथेने तर पंगत गहिवरली. मी जितकं खरं सांगत गेलो तितका मी मोठा होत गेलो आणि बाबांच्या हातून हँडल तुटल्याची तितकी खात्री होत गेली. शेवटी मी बाबांनाच म्हणालो, "बाबा, तुमीच सांगा ना."

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी भातात रस कालवला. "जेवू द्या जी त्याले," ते म्हणाले. "पोरगं हाये, बोलून राहिलं." व्याह्यांनी स्वतः उठून माझ्या वाटीत आणखी रस वाढला, आणि मी तो खाल्ला.

परतताना बहीण मागच्या बाकावर झोपली होती. देवरीचं जंगल मागे पडलं, सालेकशाकडे जाणारा फाटा गेला. मी वाट पाहत होतो. चांगलं केलंस, असं काही तरी बाबा म्हणतील, अशी मला खरोखरच आशा होती.

"बाबा," मी शेवटी म्हणालो, "मी त सांगतलं. लोकाइनं मानलं नाई."

"आता कायले मानतीन?"

"मंग त्या दिशी तुमी तरी काऊन नाई सांगतलं? तुमाले त लाख दिसली होती."

बाबा समोर रस्त्याकडे पाहत होते. "तू सांगशीन म्हून वाट पाहून राहिलो होतो," ते म्हणाले. "पर व्याही लोटा घेऊन उभा होता. किती येळ उभा ठेवतो मानसाले?"

मोटार चालवायची होती म्हणून मी ती चालवली. घर आल्यावर मी उतरून वळसा घालणार, तोच बाबांनी हँडल धरलं, अलगद खाली दाबलं, दार उघडलं आणि स्वतः उतरले. मग मागचं दार उघडून त्यांनी बहिणीला उठवलं.

त्यानंतर ते मोटारीत बसायला लागले. बाजाराला, सोयऱ्यांकडे, लग्नांना, पुष्कळ वर्षं. जिथे जाऊ तिथे मोटार थांबली की कुणी तरी ओरडायचंच, "हँडलतोडे आले, सांभारा जी!" बाबा दार उघडायचे, दोन्ही रिकामे हात वर करून लोकांना दाखवायचे आणि हसत हसत उतरायचे. लोकही हसायचे. मी मात्र लगेच उतरत नसे. पायाखाली काही तरी पडलंय आणि ते शोधतोय, असं दाखवत मी खाली वाकून बसायचो, हसणं संपेपर्यंत.